अविश्वासाने पाहणाऱ्या घरमालकिणीविरुद्धचा अर्ज

इंग्रजीत एक क्रियाविशेषण आहे : डिस्ट्रस्टफुली. अर्थ सरळ आहे, अविश्वासाने. कोशात याहून अधिक काही दिलेले नाही, आणि अधिक देण्याची गरज कोशकाराला वाटलीही नसावी. परंतु अर्जलेखनाच्या व्यवसायात हा शब्द मी जितक्या वेळा कामाला लावला, तितका या भागात दुसऱ्या कोणी लावला असेल असे मला वाटत नाही. म्हणून त्याचा अर्थ व उपयोग यांविषयी लिहिण्याचा अधिकार मला पोहोचतो, अशी माझी धारणा आहे.

माझे शिक्षण दहावीपर्यंत झाले. म्हणजे दहावी मी पाहिली, ओलांडली नाही. इंग्रजीच्या पेपराने दोनदा अडविले. ज्या विषयाने अडविले त्याच विषयात पुढे मी अर्ज लिहू लागलो, ही गोष्ट मी कधी लपविली नाही. मूळचा मी नांदेडचा. तेथे कचेरीसमोर एक वयोवृद्ध मुसलमान अर्जनवीस बसत. त्यांचे वडील निजामाच्या काळी उर्दूत दरखास्ती लिहीत. हे स्वतः उर्दू, मराठी आणि बेताचे इंग्रजी लिहीत. सारे त्यांना उस्ताद म्हणत. टाइपरायटर आणि कायद्याची भाषा मी त्यांच्याजवळ बसून शिकलो. त्यांचा एक दंडक होता. कोणाविरुद्ध तक्रार लिहिली, तर ती दाखल करण्यापूर्वी त्या माणसाला एकदा वाचून दाखवायची. ‘पैले सामनेवाले को सुनाव,’ ते म्हणत, ‘आधे कागज वहींच फट जाते.’ हा दंडक मी आजतागायत पाळतो. इतर अर्जलेखक पाळत नाहीत.

हा शब्द मला उस्तादांच्या जीर्ण कोशात सापडला. लांब, वजनदार, आणि टाइप करताना कागदाची अर्धी ओळ व्यापणारा. मग माझ्या अर्जांत सगळेच डिस्ट्रस्टफुली पाहू लागले : भाऊ भावाकडे, सासू सुनेकडे, ग्रामसेवक अर्जदाराकडे. एका अव्वल कारकुनाने एकदा मान वर करून विचारले, ‘हे काय?’ मी अर्थ सांगितला. त्याने पेन्सिलीने शब्दाखाली रेघ ओढली. ती रेघ मला प्रशस्तिपत्रासारखी वाटली. शब्दाच्या उपयोगाचा नियमही मी स्वतःच ठरवून टाकला होता : तो पाहण्याला, ऐकण्याला व विचारण्याला लागतो, इतर क्रियांना लागत नाही. हा नियम कोशात नाही. पण कोशकार कचेरीसमोर बसलेला नसतो.

भूकंप झाला तेव्हा नांदेडला मांडणीवरची भांडी वाजली, एवढेच. लातूरच्या दक्षिणेकडची गावे मात्र गेली. त्या काळात लिहिणाऱ्या माणसाची तिकडे गरज होती, म्हणून मी टाइपरायटर घेऊन लातूरला आलो आणि येथलाच झालो. पुढची कित्येक वर्षे मी पत्र्याच्या शेडविषयी, पुनर्वसनाच्या घराविषयी, ढिगाऱ्यात गेलेल्या कागदपत्रांविषयी अर्ज लिहिले. अनेकदा शेडमध्ये जाऊन, पेटीवर टाइपरायटर ठेवून लिहिले. भूकंपग्रस्तांचे मन माझ्याइतके कोणाला ठाऊक नसेल, असे मी त्या दिवसांत चारचौघांत म्हणत असे.

मग ते काम ओसरले आणि शहरात शिकवणी वर्गांची भर पडली. परभणी, नांदेड, हिंगोलीकडची मुले-मुली बारावीसाठी येथे येऊ लागली. घराघराने एक खोली भाड्याला काढली, जिने बाहेरून घेतले, गल्लीगल्लीत डबे पुरविणाऱ्या बायका झाल्या. माझ्या टेबलावर आता रहिवासाचे दाखले, नावातील दुरुस्तीची प्रतिज्ञापत्रे, आणि खोलीवाल्यांच्या व भाडेकरूंच्या एकमेकांविरुद्धच्या तक्रारी येत.

अशाच एका दुपारी हदगावचे एक गृहस्थ आपल्या मुलीला घेऊन आले. हदगावच्या बाजारात त्यांचे बी-बियाण्याचे दुकान होते, घरची शेतीही होती. मुलगी बारावीला होती. छातीशी दोन पुस्तके धरून ती बापाच्या मागे उभी राहिली.

‘साहेब, इंग्रजीत अर्ज करता का?’

‘करतो.’

‘पोलीस ठाण्याला द्यायचा हाय. जोरदार पाहिजे. मराठी कुणी वाचून नाही राहिलं.’

मी कागद चढविला. त्यांनी हकिकत सांगितली. मुलगी जिथे राहते तिथली घरमालकीण खोलीला आतून कडी लावू देत नाही. लावू देत नाही म्हणजे, तिने कड्या काढूनच टाकल्या आहेत. शिवाय रात्री दोन-दोनदा बॅटरी घेऊन येते आणि झोपलेल्या मुलींच्या तोंडाकडे पाहून जाते.

‘का? माझी पोरगी चोर हाय का?’ ते म्हणाले. मग आवाज उतरवून, मुलीकडे न पाहता, ‘का दुसरंच काही वाटते तिला?’

‘संशय घेते म्हणा.’

‘घेतेच. ही गोष्ट गावात गेली ना साहेब, तर संपलं. हिचा मामा सोयरीक घेऊन बसलाच हाय. मी काय ठरवलं, आज अर्ज द्यायचा आन् संध्याकाळच्या गाडीनं हिला घेऊन जायचं.’

‘बारावीचे काय?’

‘हदगावला देईल.’

‘केंद्र इथलं हाय, आप्पा,’ मुलगी म्हणाली.

‘मग परीक्षेपुरतं आणीन.’

‘अजून निम्मं शिकवायचं राहिलंय.’

परीक्षा तीन महिन्यांवर होती. मुलीने पुस्तके एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. घरी जाणारी मुलगी परत येत नाही, हे तिला आणि मला दोघांनाही समजत होते. अशा मुलींचे शाळा सोडल्याचे दाखले मीच मागवून देत असे.

मी तीन प्रश्न विचारले : घरमालकिणीचा पत्ता, मुलीचे वय, आणि प्रकार कधीपासून चालू आहे. चौथा प्रश्न मला सुचला नाही. अर्ज मी एका बैठकीत पुरा केला आणि मध्यभागी ते वाक्य बसविले : द सेड लँडलेडी लुक्स अ‍ॅट माय डॉटर डिस्ट्रस्टफुली. वाचून दाखविले, अर्थ सांगितला.

‘आता कसं!’ आप्पा म्हणाले. ‘शब्द कसा दणकट हाय.’

‘काका,’ मुलीने विचारले, ‘हा शब्द झोपण्याला चालतो का?’

‘झोपण्याला?’

‘मावशी डिस्ट्रस्टफुली झोपतात, असं वाक्य केलं तर? आम्हाला वाक्यात उपयोग करा असतं.’

‘चालणार नाही,’ मी म्हटले. ‘झोपलेल्या माणसाला कशाचाच अविश्वास नसतो. हा शब्द पाहण्याला लागतो.’

‘पण त्या तशाच झोपतात.’

‘तू गप गं,’ आप्पा म्हणाले. ‘मघापासून मावशी-मावशी करून राहिली.’

मीही म्हटले, ‘बाळ, अर्जाचे काम चालू असताना मध्ये बोलू नये.’ हे वाक्य मी उच्चारले होते, हे येथे नमूद करणे मला भाग आहे.

दंडकाप्रमाणे अर्ज आधी समोरच्या पक्षाला वाचून दाखवायचा होता. आप्पांना ते पटेना. ‘तिला कशाला सांगायचं? सावध होईल.’ पण मी आग्रह धरला, आणि खरे सांगायचे तर त्या वाक्याचा परिणाम प्रत्यक्ष पाहण्याची मलाही इच्छा होती. आम्ही तिघे चालत गेलो.

घर स्लॅबचे होते. पुढे लोखंडी जाळीचा व्हरांडा, आत ओळीने दोन खोल्या. मालकीण साठीची असावी. घर तिच्या भावाचे. भाऊ नोकरीनिमित्त बाहेरगावी, म्हणून ती सांभाळीत होती. व्हरांड्यात बसून ती सुपात ज्वारी निवडीत होती.

‘आलीस बाई? आन् हे कोण?’

‘माझे आप्पा.’

‘अगं मग पाणी आण की. बसा पाहुणे, लांबून आलाव.’

आप्पा बसले नाहीत. पाणी आले ते त्यांनी घेतले नाही. मी उभा राहून अर्ज प्रथम इंग्रजीत वाचला, नंतर परिच्छेदागणिक मराठीत सांगितला. बाई ज्वारीत बोटे ठेवून ऐकत राहिली.

‘ते लांबलचक काय म्हनलाव?’

‘डिस्ट्रस्टफुली. म्हणजे अविश्वासाने. तुम्ही या मुलीकडे अविश्वासाने पाहता, असा आरोप आहे.’

तिने थोडा विचार केला. ‘रातचं उठून बघते ते खरं हाय. इसवास न्हाई तेबी खरं हाय. तेवढं बरोबर लिवलंय तुमी.’

‘बघा!’ आप्पा उसळून म्हणाले. ‘कबूल केलं! साहेब, हेबी लिहा खाली. साक्षीदार तुम्ही आन् मी.’

कबुली लिहून घेण्यासाठी मी पेन काढले. कागद टेकवायला जागा हवी होती. दारालगत भिंतीत एक फडताळ होते, मी तिकडे वळलो.

‘काका, तिथं नका!’ मुलगी ओरडली.

माझे कोपर कशाला तरी लागले आणि स्टीलची भांडी खणखणत फरशीवर पडली. तो आवाज विरण्यापूर्वीच सूप उपडे झाले होते, ज्वारी व्हरांडाभर पसरली होती, आणि ती साठीची बाई मुलीचे मनगट धरून अंगणाच्या मध्यभागी उभी होती. आतल्या खोलीतून आणखी दोन मुली वह्या हातात घेऊनच बाहेर धावत आल्या. त्यांच्या दाराला कडी नव्हती, त्यामुळे त्यांना वेळ लागला नाही.

मी खाली पाहिले. एक पेला, एक तांब्या, आणि एक छोटी लोटी. पेला उपडा घालून त्यावर तांब्या आणि तांब्यावर लोटी तोलून ठेवलेली होती. ही रचना मी ओळखली. भूकंपानंतर कितीतरी शेडांमधून मी ती पाहिली होती : जमीन जराशी हलली तरी भांडे पडावे आणि माणूस जागा व्हावा, म्हणून लोक उशाशी भांड्यावर भांडे ठेवून झोपत. अशा भांड्यांच्या शेजारी बसून मी अर्ज टाइप केले होते.

‘पडलं कशानं?’ बाईने अंगणातून विचारले. मनगट अजून सोडले नव्हते.

‘माझे कोपर लागले,’ मी म्हटले. ‘चूक माझी.’

तिने स्लॅबकडे पाहिले, भिंतीकडे पाहिले, दाराच्या चौकटीकडे पाहिले. मी त्या पाहण्यासाठी आजवर जो शब्द वापरीत आलो होतो, तो त्या क्षणी प्रथमच माझ्यासमोर खरोखर घडत होता. आणि मुलीकडे मात्र ती पाहतही नव्हती; मुलीला तिने नुसते घट्ट धरले होते.

‘कोणत्या गावच्या तुम्ही?’ मी विचारले.

‘निलंग्याकडली. गाव आता न्हाई तितं. नवं वसवलंय, पर मला न्हाई राहवलं.’

ती पायरीवर बसली. मग तिने जे सांगितले ते थोडके होते. त्या पहाटे ती स्वतः अंगणात झोपली होती. लेक आत होती, अभ्यास करून झोपलेली, दाराला आतून कडी.

‘भिंत सगळी न्हाई पडली. चौकट वाकली. लोक बाहीरून ढकलायले, दार हलंना. ती आतून कडी ओढायली, निघंना. बोलत व्हती माझ्यासंगं. मंग मागली भित्ताड आली.’

दोघी मुली ज्वारी गोळा करायला बसल्या होत्या, त्यांचे हात थांबले.

‘तुम्ही या पोरींना हे सांगितले का नाही?’

‘आईबाप सोडून आलेल्या पोरी. आदीच झोप न्हाई त्यास्नी. त्यात ही भर कशाला घालू?’

‘मला कळलं होतं,’ हदगावची मुलगी म्हणाली. ‘भांडी बघून. पण तुम्ही बोलत नव्हता, म्हणून मीबी विचारलं न्हाई.’

माझी समजूत होती की आता सगळे मिटले. तसे झाले नाही. आप्पा अंगणात टोपी हातात घेऊन उभे होते.

‘मावशी, तुमचं लई वाईट झालं,’ ते म्हणाले. ‘पण ही माझी लेक हाय. बिनकडीच्या खोलीत कशी ठेवू? तुमचा भिंतीवर इसवास न्हाई, माझा रस्त्यावर न्हाई.’

‘खरं हाय तुमचं.’

‘मग लावू द्या कडी.’

‘न्हाई.’

‘मग मी घेऊन जातो हिला.’

‘घेऊन जावा,’ बाई म्हणाली. ‘जित्ती जाईल.’

मुलगी दोघांच्या मध्ये उभी होती. मी माझ्या परीने विचार केला. हमीपत्र लिहून घेता आले असते, समजुतीचा करार करता आला असता. परंतु त्यातले काहीही दाराला लावता येत नव्हते. एवढ्या वर्षांत प्रथमच माझ्याजवळ लिहिण्याजोगे काही नव्हते.

‘आप्पा,’ मुलगी म्हणाली, ‘आपल्या गोठ्याचं दार आठवा.’

‘गोठ्याचं?’

‘खिट्टी आतून पडते. दोरी बाहेरून.’

आप्पा टोपी डोक्यावर घालून दारापाशी गेले. आत लाकडाची आडवी खिट्टी बसवायची, खिळ्यावर फिरणारी; ती खाचेत पडली की दार बंद. खिट्टीला दोरी बांधायची आणि दाराला पाडलेल्या भोकातून बाहेर काढायची. बाहेरून ओढली की खिट्टी उचलली जाते. ‘दोरी व्हरांड्यात येते,’ ते मालकिणीला समजावू लागले, ‘व्हरांड्याला जाळी हाय, जाळीला कुलूप, आन् कुलपापाशी तुम्ही झोपता. रस्त्यावरल्याचा हात काही दोरीला लागत न्हाई.’

‘चौकट वाकली तर?’

‘ढिली ठेवतो.’

‘तरीबी अडकली तर?’

‘पातळ लाकूड हाय. लाथ घातली की मोडते.’

कोपऱ्यावरच्या सुताराकडून पटाशी, गिरमिट आणि एक फळी आणली. मी दाराचे पान धरून उभा राहिलो. आप्पांचे हात त्या कामात माझ्या टाइपरायटरवरच्या बोटांपेक्षा सफाईने चालत होते. तासाभरात खिट्टी बसली, मुलीने आतून ती पाडली, बाईने बाहेरून दोरी ओढली, दार उघडले.

‘झालं?’ आप्पांनी विचारले.

‘मोडून दावा.’

‘आत्ता तर बसवली हो!’

‘लाथ घातली की मोडती म्हनलाव. मोडून दावा, मंग पोरीला ठेवा.’

आप्पांनी माझ्याकडे पाहिले. त्यांनी मुलीला बाहेर बोलावले, दोरी ओढून धरून दार लोटले, दोरी सोडून आतली खिट्टी खाचेत पाडली, दोन पावले मागे सरले आणि लाथ घातली. खिट्टी एकाच लाथेत दोन तुकडे होऊन आत पडली. मुली हसल्या. बाई हसली नाही. तिने दोन्ही तुकडे उचलून हातात फिरवून पाहिले, आणि मग म्हणाली, ‘आता दुसरी करा तसलीच.’

दुसरी होईपर्यंत संध्याकाळची गाडी निघून गेली होती. आप्पांनी तिचे नावही काढले नाही. मधल्या वेळात त्यांनी पाणी मागून घेतले.

अर्ज माझ्या पिशवीतच राहिला, तो दाखल झाला नाही. त्यातील शब्द कोशाप्रमाणे अचूक होता, हे मी आजही म्हणेन. परंतु अविश्वास नेमका कशावर आहे हे कोश सांगत नाही. ते अर्ज लिहिणाऱ्याने विचारायचे असते, आणि मी विचारले नव्हते. ज्याला भूकंपग्रस्तांचे मन ठाऊक होते त्याला ते विचारण्याची गरज वाटली नव्हती. तेव्हापासून हा शब्द लिहिण्यापूर्वी मी पक्षकाराला चौथा प्रश्न विचारतो : अविश्वास कशावर? पुष्कळ पक्षकार या प्रश्नावर थांबतात. काही उठून जातात. माझा धंदा त्यामुळे किंचित घटला असेल, पण शब्दाला त्याची योग्य जागा मिळाली पाहिजे.

फळी तासली जात असताना मी मुलीला बाजूला घेऊन सांगितले, ‘तुझे झोपण्याचे वाक्य बरोबर आहे. परीक्षेत लिहिलेस तरी चालेल.’

‘मी लिहिलंय आधीच, काका,’ ती म्हणाली. ‘सरांनी काट मारली.’

‘सरांना सांग, तज्ज्ञाने बरोबर ठरविले आहे.’

यावर ती पहिल्यांदा माझ्याकडे पाहून नीट हसली.

दुसरी खिट्टी बसली तेव्हा दिवेलागण झाली होती. बाईने फडताळात पेला, तांब्या आणि लोटी पुन्हा होती तशी रचली आणि दोरीपाशी येऊन उभी राहिली. आत मुलीने आपली खुर्ची दाराजवळ ओढून घेतली होती आणि मांडीवर वही उघडली होती.

‘लावली का?’

‘लावली, मावशी.’

दोरी ओढली. दार उघडले.

‘पुन्यांदा लाव.’

मी आणि आप्पा जाळीच्या बाहेर येऊन चपला घालीत होतो. आप्पा म्हणाले, ‘अहो मावशी, तिला वाचू द्या की आता.’ बाईने ऐकले की नाही कोण जाणे. दोरी चौथ्यांदा ओढली गेली. उघडलेल्या दारातून दिसले की मुलगी उजव्या हाताने गणित सोडवीत आहे, आणि वर न पाहता डाव्या हाताने दार लोटून खिट्टी पुन्हा खाली पाडीत आहे.